मेटल डिटेक्टरसाठी सरळ दांडा घरी बनवता येईल का? नाशिकमध्ये सामान मिळेल का?

येतो, आणि फार खर्चही नाही. वरच्या भागाला ॲल्युमिनियमचा पाइप चालतो, सातपूर-अंबडकडे तुकड्यातही मिळून जातो. खालचा भाग मात्र धातूचा नकोच. कॉइलपासून (म्हणजे खालची, धातू शोधणारी तबकडी) निदान दीड-दोन फूट फायबरग्लासची पोकळ नळी घ्या, नाहीतर मशीन स्वतःचाच दांडा शोधत बसेल! कॉइलचा नटबोल्टही नायलॉनचाच हवा. पीव्हीसी स्वस्त पडतो, पण लांबीला लवतो आणि कॉइल डुलते. मी आधी तोच लावला होता, आठवड्यात काढला.

खरी गंमत तोलाची आहे. सरळ दांड्यात वजन पुढे झुकतं आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. म्हणून बॅटरीचा डबा कोपराच्या मागे न्या. केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, कॉइलजवळ ती हलली तर खोटे आवाज येतात. कोपराचा आधार पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून, गरम करून वाकवला की झाला, आत फोम चिकटवा.

पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे हे घेऊन जाऊ नका. आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.