डेंग्यूचा विषाणू दरवर्षी बदलतो का?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता. यंदा गणपतीच्या सुमारास पुन्हा ताप आला, डेंग्यूची एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह आली आणि या वेळी प्लेटलेट्स बऱ्याच घसरल्याने चार दिवस दवाखान्यात राहावे लागले. कॉलनीत सगळे म्हणतात, की विषाणूने रूप बदलले आहे. हे खरे मानावे का? आणि एकदा होऊन गेलेला डेंग्यू पुन्हा कसा होतो?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : विषाणू बदलतो हे खरे आहे, मात्र आपल्याला दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तो बहुधा त्या बदलामुळे नव्हे. डेंग्यूचा विषाणू एक नसून चार आहेत, त्यांना पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा प्रकार म्हणतात. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला, की त्या प्रकारापासून सहसा आयुष्यभर संरक्षण मिळते, पण उरलेल्या तिघांपासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांतच ओसरते. आपल्याला दोन वर्षांपूर्वी एक भेटला, यंदा दुसरा भेटला, इतकी साधी ही गोष्ट असण्याची शक्यता अधिक आहे.

हे चौघे वेगळे कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे. मूळचे हे विषाणू जंगलातील माकडे आणि तिथले डास यांच्यात फिरणारे. तेथून ते माणसांत आले तेही एकदाच नव्हे, तर चारही प्रकार स्वतंत्रपणे आले, असे त्यांच्या वंशावळीवरून दिसते. त्यांचे आनुवंशिक द्रव्य म्हणजे सुमारे 10,700 अक्षरांचा आरएनएचा एकच धागा. त्याची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) लिहिलेले पुन्हा तपासत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नकलेत एखादी चूक राहून जाते. आता एका रुग्णाच्या रक्तात अशा किती नकला तयार होत असतील याचा विचार केला, तर विषाणू दर आठवड्याला ओळखू न येण्याइतका बदलायला हवा. तसे होत नाही. वर्षाकाठी टिकून राहतात ते जेमतेम आठ-दहा अक्षरांचे बदल.

नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना यात नवल वाटणार नाही. काडी लावून वाढवलेला थॉमसन हा द्राक्षाचा वाण थॉमसनच राहतो, पण कधीतरी एखादी फांदी निराळी निघते आणि तीच निवडून लावली, की तास-ए-गणेशसारखा वाण हाती येतो. बागेत ही निवड माणूस करतो, डेंग्यूत ती डास आणि माणूस दोघे मिळून करतात, आणि दोघांच्या आवडी जुळत नाहीत. माणसाच्या 37 अंशांच्या रक्तात जो बदल फायद्याचा ठरतो, तो डासाच्या आतड्यात विषाणूला लंगडा करू शकतो. दोन्हीकडे चालेल असेच बदल पुढे जातात, म्हणून बहुतेक चुका जागीच मरतात.

तरीही काळाच्या ओघात फरक साचतो. भारतात 1971पूर्वी मिळालेले दुसऱ्या प्रकाराचे विषाणू ‘अमेरिकन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वंशाचे होते. पुढे त्यांची जागा ‘कॉस्मोपॉलिटन’ वंशाने घेतली. साधारण 2012पर्यंत देशात पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांचे प्राबल्य होते, त्यानंतर दुसरा बहुतेक भागांत पुढे आला आणि चौथ्याने दक्षिणेत बस्तान बसवले. या अदलाबदलीत उत्परिवर्तनाइतकाच (म्हणजे नकलेतल्या त्या चुकांइतकाच) वाटा लोकांच्या प्रतिकारशक्तीचा असतो, कारण ज्या प्रकाराने वस्ती पालथी घातलेली असते त्याला नवे शरीर मिळेनासे होते आणि दुसऱ्याला रान मोकळे मिळते. ‘नवा स्ट्रेन’ हे मथळ्याला शोभणारे शब्द मला म्हणूनच जपून वापरावेसे वाटतात.

दुसरा डेंग्यू जड जाण्यामागेही हीच चौकडी आहे. पहिल्या वेळची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट काही पांढऱ्या पेशींमध्ये शिरायला त्याला मदतच करतात. क्युबात 1977मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली होती. तेथील सांतियागो शहरात 1997मध्ये दुसरा प्रकार पसरला, तेव्हा गंभीर झालेले जवळजवळ सर्व रुग्ण वीस वर्षांपूर्वीच्या त्या साथीतून गेलेले होते.

प्रश्न : रक्ताच्या रिपोर्टवरून कोणता प्रकार आहे ते कळते का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नेहमीच्या किटवर कळत नाही. एनएस-वनसमोर उमटणारी रेघ चारही प्रकारांना सारखीच उमटते. प्रकार ओळखायला आरटी-पीसीआर लागते आणि वंश ओळखायला त्याच्या आरएनएची अक्षरे वाचावी लागतात. उपचार त्यामुळे बदलत नसल्याने डॉक्टर ती तपासणी सहसा सांगत नाहीत. मात्र त्याच किटवरची आयजीजी या प्रतिपिंडाची रेघ तापाच्या पहिल्या दिवसांतच ठळक दिसली, तर संसर्ग दुसऱ्यांदा झाल्याचा तो संकेत असू शकतो. सिडकोच्या वाचकांनी दोन्ही वेळचे रिपोर्ट जपून ठेवावेत आणि पुढे कधी ताप आलाच, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावेत. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तासच अधिक धोक्याचे असतात, आणि तेव्हा घरी सोडायचे की ठेवून घ्यायचे हे ठरवताना ते कागद उपयोगी पडतात.