आईचे नव्वद दिवस जपून वापर

तुझ्या प्रश्नाचा मथितार्थ असा: पाचवा महिना चालू आहे, पहिलं सीझर पुण्यात झालं, नवऱ्याला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरी लागली. मग बाळंतपण उरकून यायचं की आधीच? आणि इथे सगळ्यावर पॅरासिटामॉलच देतात हे खरं का? माझा थोरला नागपूरला नॉर्मल, धाकटी इथे सीझर. म्हणून दोन्हीकडचं सांगते.

यायचंच असेल तर लवकर ये. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, छत्तिसाव्यानंतर बसूच देत नाहीत. विम्याची काळजी करू नकोस. इथला मूळ आरोग्यविमा गरोदर बाईला नाकारता येत नाही. आल्यापासून चार महिन्यांच्या आत घेतला तर तो आल्या तारखेपासून लागू धरतात. विमा असला तरी वर्षाचे पहिले 385 युरो आपले आपण भरायचे असतात, पण प्रसूतीच्या खर्चाला त्यातून सूट आहे. रक्ततपासण्या, औषधं आणि अँब्युलन्स मात्र त्यात धरतात, तेव्हा आमच्यासारखं बिल बघून दचकू नका.

इथे निरोगी गरोदर बाई डॉक्टरकडे जातच नाही, सुईणीकडे जाते. तिला ‘फरलोस्कुंडिखे’ म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर येते तशी सुईण नाही हं, चार वर्षं शिकून आलेली असते. तुझं आधीचं सीझर आहे, त्यामुळे तुझी प्रसूती हॉस्पिटलातच होईल. पण आधी सीझर म्हणून आताही सीझर, असं इथे गृहीत धरत नाहीत. तुझ्याशी बसून बोलतील आणि नॉर्मलचा प्रयत्न करायचा का ते विचारतील. म्हणून पुण्याहून निघण्याआधी पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोंद माग. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, हे त्यात लिहिलेलं हवं. त्वचेवरची खूण पाहून ते कळत नाही, आणि इथला सगळा निर्णय त्यावरच अडतो.

पॅरासिटामॉलचं म्हणशील तर, सीझरनंतर मला पॅरासिटामॉल आणि जोडीला दुसरी एक वेदनाशामक गोळी घड्याळ लावून देत होते. मी शहाणपणा करून ‘आत्ता दुखत नाही’ म्हणत एक वेळ टाळली आणि रात्री रडले. ठरल्या वेळी घेत राहा. ऑपरेशनच्या वेळी नवरा उशाशी बसला होता, बाळ बाहेर येताच माझ्या छातीवर ठेवलं. हे मला फार आवडलं. त्याच संध्याकाळी मात्र थंडगार ब्रेड, चीज आणि ताकासारखं काहीतरी पुढ्यात आलं. वरणभाताच्या आठवणीने डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून आंघोळीला पाठवलं. माझ्या सासूबाईंनी फोनवर हे ऐकलं आणि दोन मिनिटं बोलल्याच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. इथे ‘क्रामझोर्ख’ म्हणून एक सोय आहे. बाळंतिणीची प्रशिक्षित मदतनीस पहिल्या आठवड्यात रोज काही तास घरी येते. टाके बघते, ताप मोजते, पोट दाबून गर्भाशय खाली बसतंय का ते पाहते, बाळाचं वजन करते, पाजायला शिकवते, थोरल्या मुलाला खाऊही घालते. ताशी पाचेक युरो आपल्याला भरावे लागतात, बाकी विमा देतो. मोजणी प्रसूतीच्या दिवसापासून होते, म्हणून हॉस्पिटलातले दिवस त्यातून वजा होतात. सीझरवालीला घरी मदत कमी दिवस मिळते, हा मला न पटलेला हिशोब. त्यात आमच्या संस्थेकडे माणसं कमी होती, ठरलेले तासही पुरे मिळाले नाहीत. म्हणून घराचा पत्ता ठरला की त्याच आठवड्यात नाव नोंदव. आणि हो, घर बघताना जिना बघ. इथले जिने शिडीसारखे उभे असतात. माझा पलंग तीन आठवडे खाली बैठकीच्या खोलीत होता.

आईला बोलवायचं म्हणतेस. पाहुण्यांच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. आम्ही माझ्या आईला तारखेच्या महिनाभर आधी आणलं. तो महिना तिने खिडकीतून पाऊस बघण्यात घालवला. मग आठवडाभर ती आणि मदतनीस बाई दोघी एकाच स्वयंपाकघरात. ती बाई बाळाला बादलीसारख्या टबात बसवून आंघोळ घाली आणि आई पाय पसरून मांडीवर घ्यायला टपलेली. काजळ नको, नाकाकानात तेल नको, पोटावर झोपवायचं नाही, हे सगळं तिच्या गळी उतरवता उतरवता मीच दमले. नवऱ्याची रजा संपली, मला खरी गरज लागली, तेव्हा आईचं परतीचं तिकीट आलं होतं. तू तसं करू नकोस. नवऱ्याला जन्मानंतर आठवडाभर पूर्ण पगाराची रजा मिळते, पुढचे पाच आठवडे सत्तर टक्क्यांवर. ती सगळी सुरुवातीला लावा. आईला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणा. फक्त तारखेला थोरल्याला कोण बघणार ते आधी ठरवून ठेव. आमच्या शेजारच्या तमिळ काकूंनी आमची नड भागवली होती.

येताना आईला डिंक, अळीव आणि बाळंतशोपा आणायला सांग. लाडू वळून आणू देऊ नकोस, दूधतूप युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे. लोणी इथे उत्तम मिळतं, तूप घरीच कढवता येतं. आणि मदतनीस बाई टोस्टवर गुलाबी नाहीतर निळ्या साखरेचे दाणे पसरून देईल, ते नक्की खा. आत बडीशेपेसारखं ॲनिस असतं, त्याने दूध येतं अशी इथल्या आज्यांची समजूत. माझी आई त्या आठवड्यात फक्त एवढ्यावरच खूष झाली होती.