वाचकांचे प्रश्न: पर्यावरण आणि सस्टेनेबिलिटीची इतकी सर्टिफिकेटं, त्यातलं घ्यायचं कुठलं?

मागच्या अंकात या क्षेत्रातल्या नोकऱ्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. बरेचसे एकाच सुरातले आहेत, "कुठला कोर्स करू म्हणजे काम होईल". त्यातले थोडे निवडलेत. नावं मुद्दाम गाळलीत, काहींचे साहेब हे मासिक वाचतात म्हणे.

प्रश्न: ताई नमस्कार. बीएस्सी केमिस्ट्री केलंय, एका प्लांटमध्ये सांडपाणी प्रक्रियेच्या युनिटवर शिफ्टला असतो. आयएसओ १४००१ लीड ऑडिटरचा ५ दिवसांचा कोर्स करायचा विचार आहे. जाहिरातीत लिहिलंय की कोर्स संपला की तुम्ही "आयएसओ सर्टिफाइड लीड ऑडिटर". खरंच होतो का?

नाही होत, आणि ज्याने ती जाहिरात लिहिलीय त्यालाही हे माहीत असणार. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था फक्त स्टँडर्ड म्हणजे मानकं लिहिते, ती स्वतः कंपनीलाही सर्टिफिकेट देत नाही आणि माणसालाही नाही. १४००१ हे कंपनीच्या पर्यावरण मॅनेजमेंट सिस्टिमसाठीचं स्टँडर्ड आहे, १९९६ ला पहिल्यांदा आलं, २००४ आणि २०१५ ला बदललं, २०२४ मध्ये त्यात हवामान बदलाबद्दलची दोन छोटी वाक्यं घातली. ते सर्टिफिकेट मिळतं कंपनीला, तेही बाहेरच्या सर्टिफिकेशन बॉडीकडून.

तुम्हाला ५ दिवसांनी मिळतो तो ट्रेनिंग पूर्ण करून परीक्षा पास झाल्याचा कागद. हे लर्निंग लायसन्स समजा. ऑडिटर म्हणून नाव नोंदवायचं तर सीक्यूआय-आयआरसीए किंवा एक्झेम्प्लर ग्लोबल अशा संस्थांकडे अर्ज करायचा, आणि तिथे कामाचा अनुभव किती, ऑडिट किती केले, त्यातले स्वतः टीमचं नेतृत्व करून किती, हे सगळं लॉगसकट विचारतात. कोर्सच्या कागदाने त्या रांगेत उभं राहता येतं, बस.

पण कोर्स वाया जातो असं नाही हां. चांगला कोर्स असेल तर साधारण ४० तासांतला बराच वेळ केस स्टडी आणि एनसी म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी (नियमाशी न जुळणारी गोष्ट) लिहिण्यात जातो, आणि भल्याभल्यांची विकेट तिथेच पडते. "हाउसकीपिंग खराब आहे" ही एनसी नाही, ते मत झालं. एनसी कशी, तर "ड्रम यार्डमधलं स्पिल किट (सांडलेलं रसायन आवरायचं सामान) कुलूपबंद कपाटात होतं, शिफ्टवरच्या ऑपरेटरला किल्ली कुणाकडे आहे ते सांगता आलं नाही, सांडल्यावर ५ मिनिटांत किट वापरायचं असं कंपनीच्याच प्रोसिजरमध्ये लिहिलंय, कलम ८.२". काय बघितलं, कशाच्या विरुद्ध आहे आणि कुठलं कलम, तिन्ही आलं पाहिजे. हे जमायला लागलं की तुमच्या साध्या रिपोर्टलाही वजन येतं.

तुम्हाला सांगेन, आधी इंटर्नल ऑडिटरचा छोटा कोर्स करा आणि स्वतःच्याच कंपनीत दुसऱ्या डिपार्टमेंटचे ऑडिट मागून घ्या (स्वतःच्या युनिटचं आपणच ऑडिट करायचं नसतं, तेवढं लक्षात ठेवा). शिफ्टला असण्याचा एक मोठा फायदा तुमच्याकडे आहे जो एसी केबिनमधल्या माणसाकडे नसतो. स्टँडर्ड म्हणतं की पर्यावरणावरचे परिणाम शोधताना नेहमीची परिस्थिती तर बघाच, पण बिघाडाची आणि इमर्जन्सीचीही बघा. बहुतेक कंपन्यांच्या रजिस्टरमध्ये मात्र सगळं सुरळीत चालू असलेला दिवसच लिहिलेला असतो, रात्री अडीचला हवा सोडणारा ब्लोअर ट्रिप झाला, सांडपाणी आधी साठवायची इक्वलायझेशन टँक भरत आलीय आणि प्रॉडक्शनवाले बॅच थांबवायला तयार नाहीत, ही ओळ त्यात कुठेच नसते, आणि ती लिहू शकणारा माणूस तुम्ही आहात.

प्रश्न: मी अकाउंट्समध्ये आहे. साहेबांनी अचानक सांगितलं की यावर्षीपासून सस्टेनेबिलिटी रिपोर्ट तुझ्याकडे. मला पर्यावरणातलं ओ की ठो कळत नाही. कुठलं सर्टिफिकेशन करू?

घाबरू नका, खरं सांगायचं तर या कामाला तुमच्यासारखेच लोक लागतात. कार्बनचा हिशोब हा शेवटी हिशोबच, बिलं, मीटर रीडिंग, कट-ऑफ तारीख, कुणाची सही आणि पुरावा कुठे ठेवलाय. आधी जीएचजी प्रोटोकॉल (हरितगृह वायूंचा हिशोब मांडायची पद्धत) याचं कॉर्पोरेट स्टँडर्ड वाचा, फुकट मिळतं. त्यातल्या स्कोप १, २, ३ या उत्सर्जनाच्या तीन गटांवर सगळा डोलारा उभा आहे. जनरेटरमधे स्वतः जाळलेलं डिझेल स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि बाकी सप्लायरपासून कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्यापर्यंत जे काही ते स्कोप ३, त्याचेच १५ प्रकार आहेत. विजेचं युनिट गुणिले एमिशन फॅक्टर (एका युनिटमागे किती कार्बन) हे कुणालाही जमतं हो, गोची होते ती भाड्याच्या ऑफिसचं मीटर सगळ्या भाडेकरूंत एकच असलं की, किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या गाडीतलं डिझेल आपलं धरायचं की त्याचं असा वाद निघाला की.

सर्टिफिकेट निवडण्याआधी साहेबांना एकच विचारा, रिपोर्ट वाचणार कोण? कंपनीचा आजूबाजूच्या लोकांवर आणि निसर्गावर काय परिणाम होतो हे सांगायचं असेल तर जीआरआय (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह) चा रस्ता, ही संस्था १९९७ पासून आहे, तिची स्टँडर्ड फुकट मिळतात आणि व्यक्तींसाठी स्वतःचं सर्टिफिकेशनही आहे. गुंतवणूकदारांना सांगायचं असेल की हवामानामुळे कंपनीच्या पैशाला काय धोका आहे, तर आयएसएसबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची एस१ आणि एस२ ही स्टँडर्ड बघा, जून २०२३ ला आलीत. तुमच्या लाइनला जुळणारी एफएसए (फंडामेंटल्स ऑफ सस्टेनेबिलिटी अकाउंटिंग) नावाची दोन लेव्हलची परीक्षा आहे, ती गुंतवणूकदारांच्या बाजूने विचार करायला शिकवते. आता लगेच जीआरआय आणि एफएसए दोन्हीचे फॉर्म भरू नका प्लीज. पहिला रिपोर्ट हाताने करा, मारामारी होईल, मग कळेल नेमकं कुठे अडतंय आणि शिकायचं काय.

प्रश्न: फुकटच्या ऑनलाइन कोर्सची ११ सर्टिफिकेटं झालीत. सीव्हीत सगळी टाकू का?

दोन टाका, कामाशी संबंधित असतील ती. अकरा टाकली की वाचणाऱ्याला वाटतं या माणसाला व्हिडिओ बघायला भरपूर वेळ आहे.

प्रश्न: मी आर्किटेक्ट आहे. लीड (LEED, हरित इमारतींचं रेटिंग) ग्रीन असोसिएट केलं तर पर्यावरण व्यवस्थापनात जाता येईल?

ते इमारतींपुरतं आहे, आणि त्या कामासाठी चांगलं आहे. २ तासांत १०० प्रश्न, पास व्हायला २०० पैकी १७० स्कोअर. पण स्कोअर १२५ पासून सुरू होतो, त्यामुळे १७० म्हणजे ८५ टक्के असं गणित मांडून टेन्शन घेऊ नका. पास झाल्यावरही दर २ वर्षांनी १५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, नाहीतर ते लॅप्स होतं. फॅक्टरीतल्या पर्यावरण विभागात जायचं असेल तर त्याचा थेट उपयोग कमी, तिथे कचरा, सांडपाणी, परवानग्या आणि ऑडिटचं काम असतं.

प्रश्न: प्रॉडक्शन मॅनेजर आहे, १५ वर्षांचा अनुभव. कंपनी एका नामांकित विद्यापीठाच्या ८ आठवड्यांच्या ऑनलाइन सस्टेनेबिलिटी लीडरशिप प्रोग्रामची फी भरायला तयार आहे. जाऊ का? मित्र म्हणतात नुसती हवा आहे.

मित्र अर्धे बरोबर आहेत. अशा प्रोग्राममध्ये ओळखी होतात, भाषा मिळते, बोर्डसमोर बोलायला चार चांगल्या स्लाइड मिळतात. पण त्याला प्रोफेशनल सर्टिफिकेशन म्हणू नका. तिथे तुम्ही कोर्स पूर्ण केला एवढंच लिहून मिळतं, तुम्हाला काम येतं का हे कुणी तपासलेलं नसतं. तपासणी हवी असेल तर चार्टर्ड एन्व्हायर्नमेंटलिस्टसारखा प्रकार बघा, आयएसईपी (पर्यावरण क्षेत्रातल्या व्यावसायिकांची ब्रिटनमधली संस्था, जिचं नाव २०२५ पर्यंत आयईएमए होतं) अशा संस्थांमार्फत मिळतो. त्यात तुम्ही प्रत्यक्ष काय बदललं ते लिहून द्यायचं आणि इंटरव्ह्यूत जाणकार लोक ते खोदून खोदून विचारतात. १५ वर्षं प्लांट चालवलेल्या माणसाला हे जास्त शोभेल असं माझं मत.

आणि लीडरशिपचं म्हणाल तर १४००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत एक बदल झाला तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. आधी कंपनीने एक "मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह" नेमायचा असायचा, मग सगळे त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे. ती सक्ती काढून टाकली आणि सिस्टिम चालते की नाही याची जबाबदारी थेट टॉप मॅनेजमेंटवर टाकली. म्हणजे कागदावर तरी हे आता तुमच्यासारख्या लाइनवाल्यांचं आणि तुमच्या वरच्यांचं काम आहे, एन्व्हायर्नमेंटवाल्या एकट्या पोराचं नाही. तुमच्या हातात तर खरेदीची शिफारस असते, नवा पंप घेताना तुलनेच्या तक्त्यात किमतीशेजारी १० वर्षांच्या विजेचा खर्च हा एक कॉलम टाकायला कुठल्याच सर्टिफिकेटची गरज नाही.

तरी जायचंच असेल तर जा, मात्र प्रोजेक्ट स्वतःच्या प्लांटवर करू देतात का ते आधी विचारा, काल्पनिक कंपनीच्या केसवर ८ आठवडे घालवू नका. आणि कंपनी फी भरतेच आहे तर मंजुरीच्या मेलमध्येच एक ओळ लिहून घ्या, की कोर्सनंतर त्या प्रोजेक्टला बजेट मिळेल आणि त्यावर सही कोण करणार त्याचं नाव. ती ओळ द्यायला काचकूच करायला लागले तर समजायचं की त्यांना वार्षिक अहवालात टाकायला तुमचा फोटो हवाय.