सगळ्या जागांवर खेळणाऱ्या मुलाला स्काऊट व्हायचे आहे

सप्रेम नमस्कार,

आपला मुलगा न्यू जर्सीतील हायस्कूलच्या संघात बेसबॉल खेळतो, प्रशिक्षक त्याला कधी सेकंड बेसवर (मैदानातील दुसऱ्या तळाजवळ), कधी आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या मागच्या भागात), तर अडचणीच्या वेळी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणूनही उभे करतात, आणि आता तो पुढे स्काऊट, म्हणजे संघासाठी खेळाडू व प्रतिस्पर्धी पारखून अहवाल देणारा, होण्याच्या गोष्टी बोलू लागला आहे, असे आपण कळवले आहे. एकही जागा पक्की नसल्याने तो कुठलाच राहणार नाही, ही आपली भीती आहे. त्याबद्दल बेसबॉलपटू कुकी रोहास यांची कारकीर्द पाहावी, असे मी सुचवीन.

ऑक्टाव्हिओ ऊर्फ कुकी रोहास यांचा जन्म 1939 साली हवानात झाला. 1962 मध्ये सिनसिनाटी रेड्सकडून ते मोठ्या लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) उतरले आणि पुढच्याच वर्षापासून फिलाडेल्फिया फिलीजकडून खेळू लागले; पण तेथे सेकंड बेसवर क्यूबाचेच टोनी टेलर होते. मग संघ सांगेल तेथे रोहास खेळत राहिले आणि 1967 मध्ये एक इनिंग (डाव) पिचिंग, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकण्याचे काम, करून त्यांनी मैदानातील नऊही जागा पूर्ण केल्या. मात्र येथेच थांबू नये. दरम्यान 1965 मध्ये त्यांची फलंदाजीची सरासरी .303 (दर हजार संधींमागे 303 यशस्वी फटके) होती, सेकंड बेस ही त्यांची मुख्य जागा झाली होती, आणि कॅन्सस सिटी रॉयल्सकडून 1971 ते 1974 अशी सलग चार वर्षे ते ऑल-स्टार, म्हणजे लीगमधील निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात निवडले गेले, तेही सेकंड बेसमन म्हणूनच. अष्टपैलूपणामुळे त्यांना संघात जागा मिळाली. नाव मात्र एका जागेवरच्या प्रभुत्वाने झाले.

1977 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रशिक्षकाचे काम केले, नंतर कॅलिफोर्निया एंजल्ससाठी स्काऊट म्हणून काम पाहिले आणि 1988 मध्ये त्याच संघाचे ते व्यवस्थापक, म्हणजे सामन्यात संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक, झाले. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सामने आधी जाऊन पाहणारा स्काऊट कोणता पिचर अडचणीत कोणता चेंडू टाकतो, कोणत्या आउटफिल्डरची फेक कमजोर आहे, कोणता धावपटू बेस चोरतो (फटका लागण्याची वाट न पाहता पुढच्या तळावर धावतो), हे टिपून अहवाल देतो. त्या जागांवर स्वतः उभा राहिलेला माणूस हे लवकर ओळखतो, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून प्रशिक्षकांकडे तक्रार करू नका. मुलाची सर्वांत चांगली जागा कोणती, एवढे मात्र त्यांना विचारा आणि त्या जागेचा सराव वाढवा. सामना पाहताना त्याने वही आणि स्टॉपवॉच जवळ ठेवावे. मोठ्या लीगमधील उजव्या हाताच्या फलंदाजाला चेंडू मारल्यापासून पहिल्या बेसवर पोहोचायला साधारण 4.3 सेकंद लागतात. अशा नोंदी करून खेळाडूंना 20 ते 80 च्या मापावर, जेथे 50 म्हणजे सरासरी, गुण देण्याची सवय त्याने आताच लावून घ्यावी.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. व्हिडिओ आणि आकडेवारी आल्यापासून अनेक संघांनी मैदानात जाणारे स्काऊट कमी केले आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि प्रवास फार असतो. त्यामुळे कॉलेजात संख्याशास्त्र घ्यावे, आणि शाळेत स्पॅनिश शिकण्याची सोय असेल तर ती सोडू नये, कारण डोमिनिकन प्रजासत्ताक व व्हेनेझुएला येथून येणाऱ्या खेळाडूंशी त्यांच्या भाषेत बोलणारा स्काऊट संघांना हवा असतो. या दोन विषयांची निवड शाळेच्या समुपदेशकांशी बोलून याच वर्षी करावी.