‘बंगलो’ लिहिण्याआधी पायऱ्या मोजा

ताई, नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातलं तुमचं खाली-वर असं दोन मजली घर एका इंग्रज जोडप्याला वर्षभर भाड्याने द्यायचंय, आणि इंग्रजी जाहिरातीत ‘बंगलो’ लिहू की ‘हाउस’, असं तुम्ही विचारलंय. हाउसच लिहा.

आपल्याकडे चारही बाजूंनी मोकळं, पुढे गेट आणि गाडीपुरती जागा असली की झाला बंगला. मजले मोजतो कोण? शब्द मुळात इकडचाच. बंगाली धाटणीच्या बैठ्या घराला ‘बंगला’ म्हणायचे, तो इंग्रजांनी उचलला आणि त्यातलं ‘बैठं’ तेवढं घट्ट धरून ठेवलं. ब्रिटनमध्ये बंगलो म्हणजे सहसा एकमजली, बिनजिन्याचं घर. गुडघे कुरकुरायला लागले की तिकडची म्हातारी माणसं मुद्दाम बंगलो शोधतात.

हे मला धरमपेठेत कळलं, तेही उशिरा. एका ब्रिटिश पाहुण्यासाठी घर पाहून दिलं होतं. फोनवर ‘बंगलो’ ऐकून गडी खूश. काठी टेकत आला, हॉलमधला जिना पाहिला, वर बोट दाखवून म्हणाला, बेडरूम तिकडे? सतरा पायऱ्या. मी त्या नंतर मोजल्या. आठवडाभर तो खाली दिवाणावर झोपला आणि मी दुसरं घर शोधत फिरलो.

तुमच्यासारख्या घराला तिकडे ‘डिटॅच्ड हाउस’ म्हणतात. आपले ट्विन बंगलो, म्हणजे मधली भिंत सामाईक असलेली दोन घरं, ती ‘सेमी-डिटॅच्ड’. रो हाउसला ‘टेरेस्ड हाउस’. त्यामुळे गच्चीचं कौतुक करायचं तर ‘रूफ टेरेस’ असं पूर्ण लिहा, नुसतं ‘टेरेस’ नको.

कॉटेजची तर मजाच आहे. हिवाळी अधिवेशनात मंत्री नागपूरच्या रवि भवन या सरकारी विश्रामगृहातल्या कॉटेजमध्ये उतरतात, म्हणून आपल्या कानाला कॉटेज म्हणजे बाहेर पोलीस उभा असलेलं घर. इंग्लंडात ते खेड्यातलं लहानसं घर. आणि अमेरिकेत न्यूपोर्टच्या धनिकांनी समुद्रकाठच्या महालांनाही कॉटेजच म्हटलं. व्हँडरबिल्टांचं १८९५चं ‘द ब्रेकर्स’ ७० खोल्यांचं आहे. गरिबीचं नाव मिरवायलाही पैसा लागतो, राजेहो!

फ्लॅट ब्रिटिश, अपार्टमेंट अमेरिकन, वस्तू एकच. पण नागपुरात ‘आमच्या अपार्टमेंटमध्ये पाणी आलं नाही’ म्हटलं तर अख्खी इमारत कोरडी. आतला तो फ्लॅट. शिवाय कागदावर अपार्टमेंट म्हणजे मालकीचा प्रकार. महाराष्ट्राच्या १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे मालकीचा दस्त होतो, गाळा तुमच्या नावावर आणि जमीन, जिना, गच्ची यांत अविभाज्य हिस्सा. १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखालच्या सोसायटीत, बिल्डरकडून हस्तांतरण झाल्यावर, जमीन-इमारत सोसायटीची आणि तुम्ही तिचे सभासद. अमेरिकेतला ‘कॉन्डो’ पहिल्या प्रकाराच्या जवळ जातो. कॉन्डो हे घराच्या आकाराचं नाव नाहीच, मालकीचं आहे.

‘फर्स्ट फ्लोअर’ बिनधास्त लिहा, इंग्रजांचा नि आपला पहिला मजला एकच. भाडेकरू अमेरिकन असता तर तो तळमजल्यालाच पहिला म्हणाला असता.

आणि खाली एखादी झोपायची खोली असेल तर ती जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत घाला.