वाय-फाय जोडलं जातं पण नेट चालत नाही : कार्ड बदलू नका, फॉरमॅट तर नकोच

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते आधी मांडतो, कुठे चुकलो असेन तर सांगा. मिरजेत मागच्या आठवड्यात विजा झाल्या आणि जुना राउटर गेला. कंपनीच्या मुलाने नवा डबा बसवला, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पूर्वीचाच ठेवला. तेव्हापासून घरातले फोन आणि टीव्ही व्यवस्थित चालतायत, अडलाय तो फक्त लॅपटॉप. रेघा पूर्ण दिसतात, 'कनेक्टेड' लिहून येतं आणि खाली 'नो इंटरनेट'. फोनच्या हॉटस्पॉटवर तेच, दुकानातल्या वाय-फायवरही तेच. म्हणून दुकानदार म्हणाला की वाय-फाय कार्ड गेलंय, बदलू, नाहीतर फॉरमॅट मारून बघू. लॅपटॉप आधी यजमानांकडे होता, लॉकडाउनमध्ये ते त्यावर ऑफिसचं काम करायचे. आता तो मुलीकडे आहे, तिला कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायचाय आणि मुदत परवाची आहे.

ताई, कार्ड गेलेलं नाही. हे मी लॅपटॉप न बघता सांगतोय, पण त्याला कारण आहे. वाय-फाय कार्ड म्हणजे एक छोटा रेडिओ. तुमच्या वाय-फायचं नाव त्याला ऐकू येतं, पासवर्डाची पडताळणी दोन्ही बाजूंनी पुरी होते, तेव्हाच 'कनेक्टेड' हा शब्द दिसतो. हे सगळं बोलणं त्या कार्डातूनच होतं. कार्ड गेलं असतं तर एकतर यादीत एकही नाव दिसलं नसतं, नाहीतर वाय-फायचं बटणच गायब झालं असतं. घरी, हॉटस्पॉटवर आणि दुकानात अशा तिन्ही ठिकाणी ते नीट जोडलं गेलं, हाच ते ठणठणीत असल्याचा पुरावा. दुकानदाराने तोच पुरावा उलटा वाचला.

आधी मुलीचा फॉर्म, कारण तो थांबणार नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा. वायर फोनसोबत आलेली घ्या, काही स्वस्त वायरींतून फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' असेल, ते चालू करा आणि लॅपटॉपचं वाय-फाय तेवढं बंद ठेवा. अर्ध्या मिनिटात नेट यायला हवं. फोन घरच्या वाय-फायवरच राहू द्या, म्हणजे तेच नेट वायरीतून लॅपटॉपला मिळतं आणि मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. कॉलेजांची लांबलचक यादी फोनच्या पडद्यावर लावताना क्रम चुकतो, म्हणून लॅपटॉपवरच भरायचा तिचा आग्रह बरोबर आहे.

या वायरीचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. असं जोडलेल्या फोनला विंडोज एक वेगळंच नेटवर्क कार्ड समजतं. त्यावर नेट चाललं तर विंडोज, ब्राउझर, घड्याळ, प्रॉक्सी (नेट मध्यस्थामार्फत नेणारी सेटिंग) हे सगळे संशयित एका झटक्यात सुटले. मग दोष राहतो तो फक्त वाय-फायच्या बाजूला, बहुधा त्याला लावलेल्या सेटिंगमध्ये. मी बारा वर्षं ब्रॉडबँडच्या तक्रारी घेतल्या, त्यात ही एक चाचणी लोकांनी आधी केली असती तर निम्मे लॅपटॉप दुकानात गेलेच नसते.

आता माझा अंदाज. नवा राउटर, तोच पासवर्ड, बाकी सगळं चालू, फक्त ऑफिसच्या कामाला वापरलेला लॅपटॉप बंद. अशा वेळी मी पहिल्यांदा बघतो ते हे, की लॅपटॉपला कधीतरी हाताने पत्ता दिलेला आहे का.

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. तो कायमचा नसतो, ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो. त्याला लीज असंच म्हणतात, आणि ही पत्ते वाटायची पद्धत म्हणजे डीएचसीपी. पत्त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे घर क्रमांक. गल्लीतून बाहेर पडायचं दार म्हणजे गेटवे, अर्थात खुद्द राउटर. तुमच्या जुन्या राउटरची गल्ली समजा १९२.१६८.१ होती. नव्याची १९२.१६८.० असेल, किंवा १९२.१६८.२९, प्रत्येक कंपनी आपली वेगळी ठेवते. फोन आणि टीव्हीने नव्या राउटरकडे पत्ता मागितला, त्यांना मिळाला. लॅपटॉपला मात्र कुणीतरी पूर्वी सांगून ठेवलंय की मागू नकोस, तुझा पत्ता हाच. तो बिचारा आजही जुन्या गल्लीच्या दारावर थाप मारतोय आणि तिथे दारच उरलेलं नाही. नाव आणि पासवर्ड तेच असल्यामुळे वरून काही बदललंय असं वाटतच नाही. हॉटस्पॉटवर आणि दुकानात त्याच कारणाने अडलं, कारण त्यांच्याही गल्ल्या वेगळ्या.

असा पत्ता लोक देतात ते वेडेपणाने नव्हे. घरचा प्रिंटर सापडेनासा होतो, किंवा ऑफिसच्या संगणकातून घरच्या संगणकात शिरायचं असतं, तेव्हा पत्ता बदलता कामा नये. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा कितीतरी ऑफिसांच्या आयटीवाल्यांनी फोनवरून हे करवून घेतलं. यजमानांना विचारून बघा, कदाचित आठवेल.

तपासायला दोन मिनिटं लागतात. स्टार्टवर जाऊन इंग्रजीत सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करा, एंटर. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, सलग लिहायचा : आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'ऑल', एंटर. बरंच काही सरकत जाईल, घाबरू नका, या आज्ञेने काहीच बदलत नाही, ती फक्त दाखवते. त्यात 'वायरलेस लॅन अ‍ॅडॉप्टर वाय-फाय' हा परिच्छेद शोधा आणि तीन ओळी बघा : 'डीएचसीपी एनेबल्ड', 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' आणि 'डिफॉल्ट गेटवे'. मग फोनमध्ये त्याच वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडा, तिथेही आयपी अ‍ॅड्रेस आणि गेटवे दिसेल. दोन्हीतले पहिले तीन आकडे जुळत नसतील आणि डीएचसीपीपुढे 'नो' असेल, तर चोर सापडला.

दुरुस्तीआधी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. यजमानांना ते आकडे पुन्हा लागू शकतात. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत एनसीपीए, टिंब, सीपीएल असं इंग्रजीत लिहून एंटर. वाय-फायवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', यादीत 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' वर दोनदा क्लिक. तिथे दोन जोड्या दिसतील, वरची पत्त्याची आणि खालची डीएनएसची. दोन्ही ठिकाणी 'ऑटोमॅटिकली' असलेला पर्याय निवडा आणि ओके करा. मी मुद्दाम या जुन्या रस्त्याने नेतोय. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या नावाखाली 'आयपी असाइनमेंट' असतं, पण तिथला बदल बहुधा त्या एका वाय-फायपुरता असतो. तुमचं हॉटस्पॉटवरही अडतंय, म्हणजे आकडे कार्डालाच चिकटलेले असणार.

खालची जोडी विसरू नका, हे पुन्हा सांगतो. पुष्कळजण वरचा पत्ता सोडवतात आणि डीएनएस तसाच ठेवतात. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. तिथे जुन्या राउटरचा आकडा राहिला तर लॅपटॉप नव्या गल्लीत येतो, दारही सापडतं, पण कुणाच्या घरी जायचं ते सांगणारा जुन्याच गल्लीत राहतो. मग एकही साइट उघडत नाही आणि माणूस म्हणतो, सगळं केलं तरी काही उपयोग झाला नाही.

हे झाल्यावर लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा, 'शट डाउन' नको. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सगळं पूर्ण बंद होत नाही, काही भाग झोपवून ठेवला जातो आणि जुनी अवस्था परत येऊ शकते.

फॉरमॅटबद्दल आता बोलतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमच्या बाबतीत फॉरमॅटनेही नेट चालू झालं असतं, कारण त्यात हाताने दिलेले आकडेही पुसले जातात. दुकानदार बरोबर ठरला असता, आणि म्हणूनच ही सवय इतकी पसरली आहे. पण माझ्या मावशीच्या यजमानांचं काय झालं ते मी विसरू शकत नाही. निवृत्तीनंतर सहा वर्षं ते घराण्याची वंशावळ टाइप करत होते. गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून जमवलेली नावं, सगळी डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये. एके दिवशी साइट उघडेनाशा झाल्या, एका दुकानाने न विचारता फॉरमॅट मारला. फोल्डर गेला. चार दिवसांनी साइट पुन्हा बंद! खरा दोष होता आतल्या घड्याळाच्या सेलमध्ये. तो बटणासारखा सीआर २०३२ सेल संपला होता, चार्जर काढून लॅपटॉप पूर्ण उतरला की तारीख कित्येक वर्षं मागे जायची. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, त्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइट नाकारत होता. सेल किरकोळ किमतीचा. वंशावळीतली काही पानं छापलेली होती तेवढी राहिली, आणि ज्यांनी नावं सांगितली होती त्यातली बरीच माणसं तोवर गेली होती.

म्हणून कुणालाही लॅपटॉप देताना आधी तुमच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या, आणि फॉरमॅटला तुमची परवानगी नाही हे पावतीवर लिहून घ्या.

माझा अंदाज चुकू शकतो, तेव्हा त्या काळ्या खिडकीत वेगळं काही दिसलं तर पुढचं वाचा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट निराळी. लॅपटॉपने पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, मग त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला. विंडोज ९८ पासून ही सोय आहे. अशा वेळी राउटर बंद करून मिनिटभराने लावा, लॅपटॉपमध्ये त्या वाय-फायवर 'फर्गेट' करून पासवर्ड नव्याने घाला. तरी नाही जमलं तर अँटीव्हायरसची फायरवॉल (नेटच्या ये-जा वरचा पहारा) थोडा वेळ बंद करून बघा, नंतर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने घाला. नवा ड्रायव्हर उतरवायला नेट कुठून आणणार, तर तीच फोनची वायर. सगळ्यात शेवटी सेटिंग्जमधलं 'नेटवर्क रीसेट'. त्याने तुमच्या फायलींना धक्का लागत नाही, पण साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) असेल तर ते पुन्हा बसवावं लागू शकतं.

पत्ता फोनच्याच गल्लीतला असूनही नेट नसेल, तर त्याच खिडकीत पिंग (पी, आय, एन, जी) हा शब्द इंग्रजीत आणि एक जागा सोडून पुढे गेटवेचा आकडा लिहा, ही आज्ञा तिथून उत्तर येतं का ते बघते. 'रिप्लाय' आला तर राउटरपर्यंत वाट मोकळी आहे. मग पिंग ८.८.८.८, हे गूगलच्या डीएनएसचं ठिकाण. आकडे नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डवरूनच द्या. तिथूनही रिप्लाय येतो पण साइटचं नाव घातल्यावर येत नाही, तर दोष डीएनएसचा. नावालाही रिप्लाय येतो आणि ब्राउझर मात्र अडतो, तर तारीख आणि वेळ बघा, आणि सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' शोधून तिथे ऑफिसचं काही चालू राहिलंय का ते बघा. पण ही शेवटची दोन कारणं असती तर वायरीनेही अडलं असतं, म्हणून वायरीचा निकाल मला नक्की कळवा. वायरीनेही अडत असेल तर यजमानांचं जुनं व्हीपीएन आधी काढून टाका.

ज्यांच्या लॅपटॉपला घरच्या वाय-फायचं नावच दिसत नाही त्यांच्यासाठी एक वाक्य : राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना ते बघा, जुन्या कार्डांना ५ चा ऐकू येत नाही.

ताई, आज रात्री दोन फोटो टाका, काळ्या खिडकीतल्या वाय-फायच्या परिच्छेदाचा आणि फोनमधल्या वाय-फायच्या तपशिलाचा. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे उघड झाले तरी चिंता नको, ते लाखो घरांत तेच असतात आणि बाहेरून त्यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही. 'फिजिकल अ‍ॅड्रेस' ची ओळ आणि वाय-फायचा पासवर्ड मात्र झाकून टाका. मी साडेदहापर्यंत जागा आहे, फोटो आले की लगेच बघतो.