अर्धवट मोसमाच्या पुरस्कारापुढे चांदणी कशाला?

प्रश्न असा विचारलाय: २०२० साली करोनामुळे अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीचा मोसम मध्येच बंद पडला, तरी हॉबी बेकर (पुरुषांमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा) वगैरे पुरस्कार दिलेच. ते खरे मानायचे का, की नावापुढे चांदणी (*) टाकून ‘मोसम अपूर्ण’ असं लिहायला हवं? आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या संघाला विजेता का जाहीर केलं नाही?

खरे मानायचे. चांदणीबिंदणी काही नको.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हाच प्रश्न मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलाय की आता सगळंच लिहून टाकते.

माझी लेक गोली, म्हणजे गोलरक्षक. आठव्या वर्षापासून. आम्ही मूळचे नाशिकचे, राहतो न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरच्या जवळ. शनिवारी पहाटे साडेपाचला सरावासाठी रिंकवरचा बर्फ मिळायचा, म्हणजे घरातून पावणेपाचला निघायचं. गोलीचं सामान वाळवणं हे एक वेगळंच काम असतं. तळघरात मी कपड्यांची दोरी बांधली होती, नाशिकला गच्चीवर बांधतात तशी, आणि तिच्यावर पायाचे पॅड, छातीचं कवच, ग्लव्ह, सगळं उलटं टांगायचं. खाली पंखा. तरीही तो वास जात नाही. बारा-चौदा वर्षं आमच्या तळघराला तोच वास होता, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज लहान, तिसऱ्या डिव्हिजनचं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. या मुली अभ्यास सांभाळून, बसमध्ये पुस्तकं उघडून, निव्वळ हौसेने खेळतात. त्या वर्षी संघाची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली होती आणि शनिवारी, १४ तारखेला, पहिला सामना होता. होळी नुकतीच सोमवारी झाली होती. मी गुरुवारी रजा घेतली, डब्यात अठरा पुरणपोळ्या भरल्या आणि दोन तास गाडी हाणत तिच्या सरावाला जाऊन बसले. प्रेक्षकांत मी एकटीच.

चार वाजून गेले होते. सहायक प्रशिक्षक हातात फोन घेऊन कठड्यापाशी आल्या. मुख्य प्रशिक्षकांनी तो वाचला, परत दिला, आणि मुलींना मधल्या वर्तुळात बोलावलं. एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने, हिवाळ्यातल्या आणि वसंतातल्या उरलेल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या होत्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा वरून मला ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त एकेक हेल्मेट डोक्यावरून उतरताना दिसत होतं. कुणी ओरडलं नाही. एक मुलगी तिथेच गुडघ्यांवर बसली.

मग शेवटच्या वर्षाच्या मुलींनी काहीतरी विचारलं आणि प्रशिक्षकांनी मान हलवली. दिवे बंद होईपर्यंत बर्फ तुमचा, असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या लेकीने कठड्याला टेकून पायाचे पॅड सोडले, दुसरीची साधी काठी घेतली आणि पुढच्या फळीत जाऊन उभी राहिली. चार वर्षांत ती कधी जाळं सोडून खेळली नव्हती. जाळ्यात पहिल्या वर्षाची राखीव गोली. हिचे दोन फटके तिने अडवले, तिसरा पायांमधून आत गेला. सगळ्या जणी हिच्या अंगावर कोसळल्या. फायनल जिंकल्यावर असाच ढीग होतो.

पुरणपोळ्या पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीपाशी उभ्यानेच खाल्ल्या. तूप थिजलं होतं. अठरातली एकही उरली नाही.

एप्रिलमध्ये झूमवर संघाचा पुरस्कार समारंभ झाला. एरवी मेजवानी असते, आईवडील येतात. या वेळी लेक वरती संघाची जर्सी आणि खाली घरातला पायजमा घालून आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली. संघाची सर्वोत्तम खेळाडू, सहकारी मुलींनी मतं देऊन निवडलेली, म्हणून तिचं नाव वाचलं. पंचवीस चौकोनांत टाळ्या वाजत होत्या आणि सगळ्यांचे माइक बंद. जूनमध्ये पोस्टाने लाकडी फळी आली, पितळी पट्टीवर नाव कोरलेली.

मी आनंदाने नाशिकला फोन लावला. धाकटे दीर बोलले. स्वतः विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलेले, त्यामुळे घरात खेळाबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. म्हणाले, “वहिनी, अर्धवट मोसमाचं बक्षीस कसलं? फायनलच झाली नाही, तर सर्वोत्तम कोण हे ठरवलं कशावरून?” फोन स्पीकरवर होता आणि लेक शेजारी बसलेली. ती “थँक यू काका” म्हणाली, उठली आणि फळी कपाटात, कोटांच्या खाली ठेवून आली.

भावोजी मनाने वाईट नाहीत. पण त्या दिवशी ते चुकले. तुमच्या प्रश्नातही तीच चूक आहे.

चूक अशी की तुम्ही दोघंही पुरस्कार आणि विजेतेपद एकच समजता. हॉबी बेकर पुरस्कार फायनल जिंकणाऱ्याला कधीच नव्हता. मार्चमध्ये दहा जण निवडतात, त्यातून तिघे, आणि नाव जाहीर होतं ते फ्रोझन फोरच्या (शेवटच्या चार संघांच्या स्पर्धेच्या) शुक्रवारी, म्हणजे उपांत्य सामने आणि फायनल यांच्या मधल्या दिवशी. म्हणजे कुठल्याही वर्षी घ्या, मतं पडतात तेव्हा फायनल व्हायचीच असते. २०१९ ची फ्रोझन फोर बफेलोला होती, आमच्यापासून सव्वा तासावर, म्हणून आम्ही मायलेकी गेलो होतो. शुक्रवारी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या केल मकारला हॉबी बेकर मिळाला. शनिवारी त्याचा संघ फायनलमध्ये मिनेसोटा डुलूथकडून ३-० असा हरला. जाळ्यात हंटर शेपर्ड होता आणि लेकीने अख्ख्या सामन्यात त्याच्याशिवाय दुसरीकडे पाहिलं नाही. मकारचा पुरस्कार रविवारी कुणी परत मागितला का?

२०२० चा पुरस्कार त्याच डुलूथच्या स्कॉट पेरुनोविचला मिळाला. मिनेसोटातल्या हिबिंगचा मुलगा, डिफेन्समन म्हणजे बचावपटू. ३४ सामन्यांत ६ गोल, ३४ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास), एकूण ४० पॉइंट्स. मकारचे आदल्या वर्षीचे ४१ सामन्यांत ४९. भागाकार करून बघा: एकाचे सामन्यामागे १.१८, दुसऱ्याचे १.२०. मकारकडे सात सामने जास्त होते, एवढाच काय तो फरक. ११ एप्रिलला, डेट्रॉइटमध्ये ज्या दिवशी फायनल व्हायची होती त्याच दिवशी, पेरुनोविचचं नाव जाहीर झालं. तिथे सामना नव्हता, प्रेक्षक नव्हते. पण त्याने खेळलेले ३४ सामने झालेले होते ना? ते कुणी रद्द केले नव्हते.

अंतिम तिघांत मेन विद्यापीठाचा गोली जेरेमी स्वेमन होता. गोलीच्या आईला विचाराल तर त्या मोसमात मी त्यालाच बघत होते. शंभरातले जवळजवळ ९४ फटके अडवायचे, तेही समोरून सतत मारा होत असताना, हे काय असतं ते बाहेरून कळत नाही. देशातल्या सर्वोत्तम गोलीसाठीचा माइक रिक्टर पुरस्कार त्याला मिळाला. महिलांमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पॅटी कॅझमायर पुरस्कार क्लार्कसन विद्यापीठाच्या एलिझाबेथ जिगेरला: ३७ सामन्यांत ६६ पॉइंट्स, त्यात ३७ गोल. २०१८ ची राष्ट्रीय फायनल जादा वेळेत तिच्याच गोलवर सुटली होती आणि तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती. मोठ्या सामन्यात काय करशील, हा प्रश्न निदान तिला तरी कुणी विचारू नये.

आता हे बघा. फ्रोझन फोरमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार वेगळा असतो. तो २०२० मध्ये दिलाच नाही, कारण ते सामनेच झाले नाहीत. जे खेळलं गेलं त्याचं दिलं, जे खेळलं गेलं नाही त्याचं दिलं नाही. याहून सरळ हिशेब कुठला असतो?

आणि ज्यांच्या नावाने हे पुरस्कार आहेत ती माणसं तरी आठवा. दोघंही प्रिन्स्टन विद्यापीठाचे. हॉबी बेकर पहिल्या महायुद्धात वैमानिक होता. युद्ध संपलं, घरी परतायचा हुकूम हातात आला, आणि डिसेंबर १९१८ मध्ये फ्रान्समध्ये दुरुस्त केलेलं विमान तपासताना ते कोसळून गेला. वय २६. पॅटी कॅझमायर १९९० मध्ये रक्ताच्या दुर्मिळ आजाराने गेली, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यांचं जेवढं झालं तेवढंच धरून त्यांची नावं या पुरस्कारांना दिली ना? मग जेवढा मोसम झाला तेवढा धरून मुलांना पुरस्कार का द्यायचा नाही?

भावोजींच्या मुलाचं सांगायचं राहिलं. तो त्याच वर्षी दहावीला होता. लॉकडाउनमुळे भूगोलाचा पेपर झाला नाही आणि बोर्डाने बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. जुलैअखेर निकाल लागला, मुलाला चांगले गुण मिळाले, भावोजींनी पेढे वाटले. योग्यच केलं, पोराने वर्षभर अभ्यास केला होता. मीही फोन करून मनापासून अभिनंदन केलं. पण न दिलेल्या पेपरचे गुण चालतात आणि खेळलेल्या सत्तावीस सामन्यांचं बक्षीस चालत नाही, हे मला पटत नाही. माझ्या लेकीला सरासरीने काही मिळालेलं नव्हतं. जे फटके तिने अडवले ते सगळे कुणीतरी खरोखर मारले होते. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, आणि मी जाऊ दिलं. त्याचा मला अजून त्रास होतो.

तुमच्या घरात असं कुणी असेल, मुलगा किंवा मुलगी, पुतणी, भाची, तर त्यांच्यासमोर ‘अर्धवट’ हा शब्द काढू नका. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं आधीच बरंच गेलं होतं. वसंतातल्या खेळांच्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं, हिवाळी खेळांतल्या त्या तुकडीला नाही. त्यांचा खेळ त्या गुरुवारी संपला. हातात जे आलं त्यावर चांदणी टाकून आपण काय मिळवणार?

एक गोष्ट मात्र मान्य करते. शंकाच घ्यायची तर पुढच्या, २०२०-२१ च्या मोसमाबद्दल घ्या. आयव्ही लीगने तो हिवाळा रद्दच केला, म्हणजे कॉर्नेल, हार्वर्ड, येल, आणि खुद्द बेकरचं प्रिन्स्टन खेळलंच नाही. हे संघ ज्या ईसीएसी लीगमध्ये खेळतात, तिच्यात बारापैकी चारच संघ उरले. त्या वर्षीचा हॉबी बेकर विस्कॉन्सिनच्या कोल कॉफील्डला मिळाला, ३१ सामन्यांत ५२ पॉइंट्स, आणि तो त्याला मिळायलाच हवा होता. पण ‘सगळ्यांशी तुलना झाली का’ हा प्रश्न तिथे खरा आहे. २०२० मध्ये तो नाही. तेव्हा सगळे खेळले, आणि ज्यांचे सामने उरले होते ते सगळे एकाच आठवड्यात थांबले.

आता कॉर्नेल. पुरुषांचा संघ २३ विजय, २ पराभव, ४ बरोबरी. आधीचं राष्ट्रीय विजेतेपद १९७० चं, २९ पैकी २९ सामने जिंकून मिळवलेलं. बरोबर पन्नास वर्षांनी पुन्हा संधी आली होती आणि गेली. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक माइक शेफर यांना त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून स्पेन्सर पेनरोज पुरस्कार मिळाला, तो रास्तच. विजेतेपद मात्र घोषित करायचं नव्हतंच. ते बर्फावरच घ्यावं लागतं. १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीने स्टॅन्ली कपची (व्यावसायिक हॉकीच्या सर्वांत मोठ्या चषकाची) फायनल मध्येच सोडावी लागली, मॉन्ट्रियलच्या संघाचा खेळाडू ‘जो हॉल’ त्यातच दगावला, आणि कपावर कुणालाही विजेता न ठरवता ‘मालिका अपूर्ण’ असंच कोरलंय.

लेक नोकरीला लागली तेव्हा तिने अर्ज मला वाचायला दिला होता. त्यात पुरस्काराची ओळ होती, चांदणीशिवाय. तिच्या खाली दुसरी ओळ होती: ‘राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड, २०२०.’ मी म्हटलं, तुम्ही तो पहिला सामना नक्की जिंकला असता, तसं काहीतरी लिही की. ती म्हणाली, “आई, तो खेळलोच नाही ना आम्ही.”